गर्भाशयातल्या गाठीचं (फायब्रॉइडचं) ऑपरेशन : कुठलं, कधी, आणि तुमच्या केसमध्ये काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : वय ३७, एक मूल आहे, दुसऱ्याचा विचार अजून सोडलेला नाही. पाळीत सात-आठ दिवस गाठी गाठी जातात, हिमोग्लोबिन ७.८. सोनोग्राफीत ६ सेंटिमीटरची एक गाठ 'इंट्राम्युरल विथ सबम्युकोजल एक्स्टेन्शन' (म्हणजे भिंतीत असून आतल्या पोकळीकडे पोचलेली) आणि बाहेरच्या बाजूला २ सेंटिमीटरची दुसरी. एका डॉक्टरांनी पिशवीच काढून टाका म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी दुर्बिणीतून फक्त गाठ काढू म्हटलं, आणि घरचे म्हणतायत की राहू दे, पाळी गेली की आपोआप बसेल. तिघांपैकी बरोबर कोण?

मी बरीच वर्षं ही ऑपरेशनं करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक भीती बाजूला ठेवा. फायब्रॉइड म्हणजे कॅन्सर नाही. गर्भाशयाच्या स्नायूचीच ती गाठ असते आणि पन्नाशीपर्यंत सत्तर टक्क्यांच्या आसपास बायकांना छोटी-मोठी गाठ असतेच, त्यातल्या बहुतेकींना कधी पत्ताही लागत नाही. त्यामुळे 'गाठ आहे' एवढ्यावर ऑपरेशन होत नसतं. पण तुमचं हिमोग्लोबिन ७.८ आहे. म्हणजे ही गाठ गप्प बसलेली नाहीये, दर महिन्याला तुमचं रक्त घेऊन जातेय. घरच्यांचा सल्ला पन्नाशीला टेकलेल्या आणि काहीच त्रास नसलेल्या बाईसाठी ठीक आहे, कारण पाळी गेल्यावर गाठी खरंच आकसतात. तुम्हाला मात्र त्यासाठी दहा-बारा वर्षं थांबावं लागेल आणि तोपर्यंत हृदयाला हा अॅनिमिया सोसत बसावा लागेल. तेव्हा 'राहू दे' हा पर्याय तुमच्यासाठी नाही.

आता मुख्य मुद्दा. सगळे सेंटिमीटर विचारतात, '६ ची आहे, काढावी लागेल का?' खरं तर साइझपेक्षा गाठ कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. आतल्या पोकळीत डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठ बाईला रक्ताची बाटली चढवायला लावते आणि बाहेरून लटकणारी ८ सेंटिमीटरची गाठ कधीकधी फक्त पोट जड वाटण्यापुरती असते. डॉक्टर लोक यासाठी फिगोचे (स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेचे) ० ते ८ नंबर वापरतात, २०११ पासून ही पद्धत रूढ झाली. ०, १, २ म्हणजे पोकळीतल्या गाठी (० पूर्ण आत लटकलेली, १ निम्म्याहून जास्त आत, २ निम्म्याहून जास्त भिंतीत), ३ आणि ४ भिंतीतल्या, ५, ६, ७ बाहेरच्या बाजूच्या, आणि ८ म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या वगैरे. जी गाठ आतही पोचते आणि बाहेरही, तिला दोन आकडे जोडून लिहितात, २-५ असं. तुमच्या रिपोर्टची भाषा बघता मोठी गाठ २-५ च्या जवळपास असावी असं वाटतंय, पण हे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या, कारण कुठलं ऑपरेशन करायचं ते या आकड्यावर ठरतं. गाठीच्या मागे बाहेरच्या आवरणापर्यंत किती मिलिमीटर स्नायू उरलाय हेही विचारा. चित्र अस्पष्ट असेल, गाठी खूप असतील किंवा अॅडेनोमायोसिसचा संशय असेल तर एमआरआय करून घ्या. अॅडेनोमायोसिसमध्ये आजार स्नायूत पसरलेला असतो, सोलून काढता येईल अशी वेगळी गाठ नसते, आणि ऑपरेशन सुरू केल्यावर हे कळणं कोणालाच नको असतं.

एक एक ऑपरेशन बघू.

सर्वात सोपं म्हणजे हिस्टेरोस्कोपी, खालच्या वाटेने, योनीतून दुर्बीण घालून. पोटावर एकही टाका नाही, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी, दोन-तीन दिवसांत कामावर. गर्भाशयात सलाइन सोडून पोकळी फुगवतात, स्क्रीनवर गाठ समोर दिसते, पांढरट, गुळगुळीत, वरून रक्तवाहिन्यांची बारीक जाळी. मग वायरच्या लूपने तिचे काप काढत जायचं. काप पाण्यात तरंगतात आणि मधेच समोरचं दिसेनासं होतं, की थांबून ते बाहेर काढायचे आणि पुन्हा सुरू. निम्मी गाठ संपली की गर्भाशय स्वतःच आकसतो आणि भिंतीत दडलेला भाग आत ढकलतो, त्याची वाट बघायला धीर लागतो. यातला खरा धोका बाहेरून कोणाला दिसत नाही. आत सोडलेलं पाणी उघड्या रक्तवाहिन्यांतून शरीरात जात असतं. म्हणून किती आत गेलं आणि किती बाहेर आलं याचा हिशोब एक माणूस सतत ठेवतो. सलाइन वापरत असतील तर निरोगी बाईत फरक अडीच लिटरवर पोचला की, आणि ग्लायसिनसारखं मीठ नसलेलं पाणी असेल तर एका लिटरलाच, गाठ उरलेली असली तरी ऑपरेशन थांबवायचं. उरलेली नंतर दुसऱ्या सिटिंगमध्ये. हे अपयश नाही, पेशंटला आधीच सांगून ठेवलेलं असलं म्हणजे झालं.

० आणि १ नंबरच्या गाठींसाठी याला तोड नाही. २ नंबरची साधारण तीन-चार सेंटिमीटरपर्यंत, तीही अनुभवी हातात. तुमची ६ ची आणि बाहेरपर्यंत पोचलेली, त्यामुळे खालून करायला गेलं तर भिंतीला आरपार भोक पडायची भीती. दुसऱ्या डॉक्टरांनी 'दुर्बिणीतून' म्हटलं ते याबद्दल नसून लॅपरोस्कोपीबद्दल (पोटावर छोटी भोकं पाडून दुर्बीण घालतात त्याबद्दल) असणार. दोन्हीला लोक दुर्बीणच म्हणतात, तेव्हा एकदा विचारून खात्री करा.

मायोमेक्टोमी, म्हणजे पोटातून फक्त गाठ काढून गर्भाशय शाबूत ठेवणं. तुमच्या बाबतीत माझं मत याच बाजूला झुकतं. हे लॅपरोस्कोपीने होतं, रोबोटने होतं, किंवा पोट उघडून होतं, आत करायचं काम तेच. गर्भाशयाच्या स्नायूत आधी व्हॅसोप्रेसिन पातळ करून टोचतात, गुलाबी स्नायू बघता बघता पांढरा पडतो, कारण रक्तवाहिन्या आकसल्या. (टोचण्याआधी भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगायचं असतं, कारण नाडी आणि बीपीवर परिणाम होतो.) मग गाठीवर छेद, आणि योग्य थरात पोचलं की गाठ मोत्यासारखी पांढरी चमकते आणि स्नायूपासून वेगळी होऊ लागते. फायब्रॉइडभोवती दबलेल्या स्नायूचं एक आवरण असतं, त्याच्या आतल्या बाजूने गेलं तर रक्तस्राव कमी होतो आणि चांगला स्नायू वाचतो. स्क्रूसारखं हत्यार गाठीत फिरवून तिला खेचत, फिरवत, आवरण मागे सारत बाहेर घ्यायचं. हे जमलं तर बघायलाही बरं वाटतं, थर चुकला तर मात्र रक्तच रक्त.

पण माझ्या मते सर्जनची पारख गाठ काढण्यात होत नाही, नंतरच्या टाक्यांत होते. उरलेला खड्डा दोन-तीन थरांत नीट बंद करावा लागतो, आत पोकळी राहता कामा नये. प्रत्येक रक्ताच्या ठिपक्याला करंट देत बसलं तर स्नायू भाजतो आणि व्रण कमकुवत होतो, आणि उद्या याच भिंतीला नऊ महिन्यांचं बाळ पेलायचंय. म्हणून तुम्हाला मूल हवं असेल तर सर्जनला सरळ विचारा, 'लॅपरोस्कोपीत टाके किती थरांत घालता?' चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही.

लॅपरोस्कोपी की पोट उघडून? लॅपरोस्कोपीत दुखणं कमी, रक्त कमी जातं, हॉस्पिटलमध्ये एक-दोन दिवस, दोन-तीन आठवड्यांत रोजचं आयुष्य सुरू. उघड्या ऑपरेशनला चार ते सहा आठवडे. पण गाठी खूप असतील, फार मोठ्या असतील किंवा अवघड जागी असतील तर पोट उघडून, हाताने चाचपून केलेलं काम जास्त चांगलं होतं, छोट्या गाठी बोटांना लागतात ज्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत. तुमची ६ ची एक आणि २ ची एक, ही लॅपरोस्कोपीला अगदी योग्य केस आहे, अर्थात ज्याचा हात टाक्यांवर बसलाय अशा सर्जनकडे. तुमच्या जवळ असा कोणी नसेल आणि उघडून उत्तम करणारा असेल तर उघडूनच करा, पोटावरचा आडवा व्रण काही वर्षांत पुसट होतो, गर्भाशयावरचा कच्चा व्रण मात्र बाळंतपणात नडतो.

लॅपरोस्कोपीत एवढी मोठी गाठ एक-दीड सेंटिमीटरच्या भोकातून बाहेर कशी काढायची हा वेगळाच विषय. त्यासाठी मॉर्सेलेटर नावाचं यंत्र गाठीचे तुकडे करतं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) यावर कडक इशारा दिला, कारण फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या साधारण ३५० बायकांत एकीला प्रत्यक्षात सार्कोमा, म्हणजे कॅन्सरची गाठ, निघू शकते असा त्यांचा अंदाज होता, आणि तुकडे करताना ती पोटभर पसरते. हा आकडा जास्त धरलाय असं म्हणणारे अनेक अभ्यास नंतर आले, तरी काळजी घेण्याचं तत्त्व टिकलं. आता पोटातच गाठ एका बॅगेत बंद करून तुकडे करा अशी शिफारस आहे, आणि पाळी गेलेल्या किंवा पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत हे यंत्र वापरू नका असं सांगतात. ३७ व्या वर्षी धोका फारच कमी असतो, तरी 'बॅगेत करणार का?' हे विचारा. पाळी गेल्यानंतर गाठ वाढत असेल तर मात्र तो प्रकार वेगळ्या नजरेने बघायला हवा.

मायोमेक्टोमीची दुसरी बाजूही सांगायला हवी. गाठी परत होऊ शकतात. काढलेली गाठ परत येत नाही, पण त्या वेळी मोहरीएवढ्या असलेल्या दुसऱ्या वाढतात. चार-पाच वर्षांनी सोनोग्राफीत नवी गाठ दिसणं अगदी नेहमीचं आहे, मात्र त्यातल्या सगळ्यांना पुन्हा ऑपरेशन लागत नाही. आतडी वगैरे चिकटणं हा एक त्रास, जास्त करून मागच्या भिंतीवर छेद असेल तर. आणि संमतीपत्रावर 'गरज पडल्यास गर्भाशय काढावा लागेल' असं वाक्य असतं, ते वाचून बायका घाबरतात. अनुभवी हातात ही वेळ शंभरात एकीपेक्षाही कमी वेळा येते, पण लिहावं लागतं कारण रक्त थांबतच नसेल तर जीव आधी.

मूल कधी? बहुतेक सर्जन तीन ते सहा महिने थांबायला सांगतात. गर्भाशयाची पोकळी उघडली असेल किंवा भिंतीत खोल काम झालं असेल तर पुढची डिलिव्हरी सहसा सिझेरियनच, तेही कळा सुरू व्हायच्या आत. व्रण फाटण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आतच असतं, पण तो प्रसंग इतका वाईट असतो की त्याबाबत कोणी धाडस करत नाही. तुमची २ सेंटिमीटरची बाहेरची गाठ गर्भधारणेच्या आड येत नाही. आधीच आत गेलोय आणि सहज निघतेय तर काढतात, तिच्यासाठी मुद्दाम वेगळा मोठा छेद घेऊ नये असं माझं मत. पोकळीत डोकावणाऱ्या गाठीचं तसं नाही, ती दिवस राहण्यात खरंच अडथळा आणते, म्हणून मोठी काढण्याचा तुम्हाला दुहेरी फायदा आहे.

आता पिशवी काढणं, हिस्टरेक्टॉमी. पहिल्या डॉक्टरांचा सल्ला चुकीच्या वैद्यकीय माहितीवर नाहीये, एवढं त्यांच्या बाजूने सांगते. फायब्रॉइडचा कायमचा निकाल लावणारं ऑपरेशन हेच. पुन्हा गाठ नाही, रक्तस्राव नाही. मुलं झालेली, चाळिशी उलटलेली, भरपूर गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, आणि बाईला स्वतःला ते हवं असेल, तर हा फार समाधान देणारा उपाय आहे आणि अशा कितीतरी जणी नंतर म्हणतात की आधीच करायला हवं होतं. पण ज्या बाईला दुसरं मूल हवं असू शकतं तिच्यासमोर हा पहिला पर्याय म्हणून ठेवायचा नसतो. नाइलाज झाला तरच. आणि मूल नको असलं तरी ज्या बाईला आपलं गर्भाशय ठेवायचंय तिला ते ठेवायचा हक्क आहे, 'आता काय उपयोग त्याचा' हे वाक्य मला सहन होत नाही.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी : योनीमार्गे, लॅपरोस्कोपीने किंवा पोट उघडून, असं तीन प्रकारे होतं. योनीमार्गे जमत असेल तर तेच सर्वात सोपं, पोटावर व्रणच नाही. ओव्हरी, म्हणजे बीजांडकोश, पाळी चालू असलेल्या वयात कारण नसताना काढू देऊ नका. 'काढतोच आहोत तर तेही काढून टाकू' हा युक्तिवाद ऐकू नका, ओव्हरी गेल्या की एका रात्रीत मेनोपॉज येतो, हाडं आणि हृदय दोन्हीला त्याचा फटका बसतो. ट्यूब (गर्भनलिका) मात्र काढलेल्या चांगल्या, त्याने पुढे ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. पिशवीचं तोंड ठेवलं तर काहींना महिन्याला थोडं डाग लागल्यासारखं होत राहतं आणि पॅप टेस्टही (त्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) चालू ठेवावी लागते. वजन वाढेल, नवराबायकोचं नातं संपेल, या भीत्या मी रोज ऐकते. ओव्हरी जागेवर असतील तर हार्मोन्स चालू राहतात (मेनोपॉज थोडा लवकर येऊ शकतो एवढंच), आणि रक्तस्राव थांबल्यावर बहुतेकींचं ते आयुष्य सुधारतं.

छेद न घेता करायचे उपायही आहेत, तुम्ही विचारले नाहीत पण कोणीतरी सुचवेलच. एम्बोलायझेशनमध्ये मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन गर्भाशयाच्या धमनीत कण सोडतात, गाठीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती काही महिन्यांत साधारण निम्मी होते. १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉ. रव्हिना यांनी फायब्रॉइडसाठी याचे पहिले निकाल प्रसिद्ध केले. पहिले एक-दोन दिवस चांगलंच दुखतं, ताप येतो, आणि पुढे काही जणींना पुन्हा उपचार लागतात. ब्रिटनमधल्या फेमे या अभ्यासात, जो २०२० मध्ये छापून आला, मायोमेक्टोमी झालेल्या बायकांचं आयुष्य दोन वर्षांनी एम्बोलायझेशनवाल्यांपेक्षा जास्त सुधारलेलं दिसलं. ज्यांना मूल हवंय त्यांना मी हे सहसा सुचवत नाही. हायफू, म्हणजे बाहेरून ध्वनिलहरींनी गाठ जाळणं, आणि सुईने गाठ भाजणारी रेडिओफ्रीक्वेन्सी, हे निवडक गाठींसाठी चांगले आहेत, पण गाठ जागेवरच राहते आणि हळूहळू आकसते, तुमच्यासारखी आत पोचलेली ६ ची गाठ त्यासाठी मी पहिली निवडणार नाही.

तारीख ठरवण्याआधी मात्र हिमोग्लोबिन. ७.८ वर ठरवून करायचं ऑपरेशन कोणी करू नये. शिरेतून लोह घेतलं तर तीन-चार आठवड्यांत दोनेक ग्रॅमने वाढतं, गोळ्यांनी जास्त वेळ लागतो आणि पोट बिघडतं. पण एकीकडे भरायचं आणि दुसरीकडे गळायचं असं होऊ नये म्हणून तोपर्यंत रक्तस्राव थांबवायला हवा. पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड (पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास नसेल तर), किंवा पाळीच बंद ठेवणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन दोन-तीन महिने. त्या इंजेक्शनने गाठ लहानही होते. मी ते सरसकट देत नाही, कारण गाठ आणि स्नायू यांच्यातला थर पुसट होतो, सोलायला अवघड जातं आणि छोट्या गाठी दडून बसतात. पण हिमोग्लोबिन इतकं कमी असताना त्याचा फायदा तोट्यापेक्षा मोठा ठरू शकतो, हे तुमच्या सर्जनने ठरवावं.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा : आधी रक्त थांबवा आणि लोह भरा, गाठीचा नंबर नीट काढून घ्या, हिमोग्लोबिन १०-११ च्या पुढे गेलं की लॅपरोस्कोपिक मायोमेक्टोमी, मग तीन ते सहा महिने थांबून मुलाचा विचार. ऑपरेशननंतर ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव किंवा एका पायाला सूज, यातलं काही झालं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं. आणि डिस्चार्ज घेताना दोन कागद मागून घ्या, गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आणि ऑपरेशन नोट, ज्यात पोकळी उघडली होती का, छेद कुठे होता आणि किती थरांत टाके घातले ते लिहिलेलं असेल. पुढच्या बाळंतपणात डॉक्टर वेगळे असले तर सिझेरियन कधी करायचं हे ते त्या कागदावरूनच ठरवतील.